बोट आठला लागते, पाचला सुटते : बार्बाडोसच्या एका दिवसाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कॅरिबियन क्रूझच्या खर्चाबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की बेटांवरच्या दिवसांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. विचारलंत की हो! त्यातले निम्मे प्रश्न एकट्या बार्बाडोसचे निघाले, तिथे झालेल्या २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलचा परिणाम, दुसरं काय. म्हणून या वेळी सगळं बार्बाडोसच.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे, डोंबिवलीला राहतो. मुलगी न्यू जर्सीला असते, तिने आमचं पोर्टो रिकोच्या सॅन हुआनहून निघणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय. बार्बाडोसला बोट सकाळी आठला लागणार आणि पाचला सुटणार. बोटीवाल्यांची ‘अख्खं बेट एका दिवसात’ अशी बस टूर आहे ती घ्यावी का आपलं आपण फिरावं? ह्यांना केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचंच आहे, मला समुद्रात पाय बुडवून निवांत बसायचंय, आणि माझे गुडघे फार साथ देत नाहीत.

उत्तर : ताई, बस टूर अजिबात घेऊ नका. नकाशावर बेट इवलंसं दिसतं, जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद, त्यामुळे वाटतं की काय, चार तासांत आटपेल. पण रस्ते अरुंद, वळणावळणाचे, दोन्ही बाजूंना ऊस नाहीतर कुंपणं, राजधानी ब्रिजटाऊनमधून बाहेर पडतानाच ट्रॅफिक, आणि चाळीस माणसं प्रत्येक ठिकाणी उतरणार, फोटो काढणार, बाथरूमला जाणार, परत चढणार. एका टेकडीवर दहा मिनिटं, एका चर्चपाशी दहा मिनिटं, बाथशीबाच्या किनाऱ्यावर पंधरा मिनिटं आणि कुठल्यातरी दुकानात अर्धा तास. बाकी वेळ पुढच्या माणसाची टोपी बघायची. आणि तुम्हाला जे दोघांना हवंय ना, ते सगळं बंदरापासून तीन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात आहे.

आठला लागते म्हणजे आठला उतरता येतं असंही नाही हं. कागदपत्रं क्लिअर होऊन, रांग लागून खाली यायला साडेआठ होतातच. पाचला सुटते म्हणजे साडेचारला, काही बोटींवर तर चारलाच, सगळे आत. म्हणजे हातात साडेसात-आठ तास, त्यात दुपारचं ऊन.

तर उतरल्यावर पहिलं ओव्हल करून टाका, ऊन चढायच्या आत. बंदराच्या गेटपासून चालत पंधरा-वीस मिनिटं, फाँटाबेल नावाच्या भागात, पण गुडघ्यांचं म्हणताय तर सरळ टॅक्सी करा. टॅक्सीला मीटर नसतो, नंबरप्लेट झेडने सुरू होते, भाडं आधी ठरवायचं आणि ठरवताना एक प्रश्न विचारायचाच, ‘कुठला डॉलर?’ बार्बाडोसचा डॉलर वेगळा. अमेरिकन एक डॉलर म्हणजे यांचे दोन, हा भाव १९७५ पासून बांधलेला आहे, हलत नाही. तो म्हणाला वीस आणि तुम्ही अमेरिकन वीस काढून दिलेत तर दुप्पट गेले. कोणी फसवतं असं नाही, पण समोरून नोट आली तर नको कोण म्हणेल. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, सुटे मात्र यांच्या डॉलरमध्ये परत येतात, म्हणून लहान नोटा न्या.

आता ओव्हल. काकांना सांगा, बाहेर इथलाच महान ऑलराउंडर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे तिथे फोटो ठरलेला. मॅच नसेल तेव्हा आत सोडतात का हे त्या दिवशीच्या गेटवरच्या माणसावर आहे, विनंती करून बघायची, आणि नाहीच सोडलं तर जवळच क्रिकेटचं छोटं म्युझियम आहे, क्रिकेट लेजंड्स ऑफ बार्बाडोस नावाचं, तिथे वेळ छान जातो. आत जायला मिळालं तर मग काय बोलायलाच नको. २९ जून २०२४, साउथ आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरला सोळा हव्यात, हार्दिकचा पहिलाच बॉल, मिलरने उचलला आणि सूर्याने बाउंड्रीवर पकडला, बाहेर जाता जाता आत उडवला, परत आत येऊन झेलला. सात रन्सनी जिंकलो आपण. रोहितने नंतर पिचवरची माती चाखली ती इथलीच. पुढे बेरिल वादळामुळे टीम बेटावरच अडकून पडली आणि ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली तोपर्यंत अख्खी मुंबई ताटकळली होती.

पण काका साठीचे आहेत म्हणजे त्यांना जुनं जास्त आठवत असेल. १९७१ ची वेस्ट इंडिजविरुद्धची चौथी टेस्ट इथलीच. वाडेकरांची टीम, समोर सोबर्सचे नाबाद १७८, आपली अवस्था ६ बाद ७० आणि तिथून सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सातव्या विकेटला १८६ जोडले. सरदेसाई १५०, जन्म मडगावचा, आणि सोलकर हिंदू जिमखान्याच्या ग्राउंड्समनचा मुलगा. दुसऱ्या इनिंगला गावसकर नाबाद ११७, पहिलीच सिरीज त्यांची. मॅच वाचली म्हणून सिरीज जिंकलो, वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा. आणि हो, दुखरी बाजूही इथलीच, १९९७ ला सचिन कॅप्टन, जिंकायला फक्त १२० हवे होते, ८१ ला ऑल आउट. त्याच्याही आधी १९६२ ला आपले कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर यांना फास्ट बोलर ग्रिफिथचा बॉल डोक्याला लागला तो याच मैदानावर, बार्बाडोसविरुद्धच्या मॅचमध्ये. जीव वाचवायला रक्त दिलं त्यात वेस्ट इंडिजचे कॅप्टन फ्रँक वॉरेल होते आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उमरीगर. आज मैदानात एका स्टँडला हॉल आणि ग्रिफिथ या फास्ट बोलरांच्या जोडीचं नाव आहे, ते वाचलं की जुन्या माणसाला जरा कसंतरीच होतं.

ओव्हल झालं की टॅक्सीने गावात, चेंबरलेन ब्रिजपाशी उतरा. समोर करीनाज, म्हणजे समुद्राची आत आलेली खाडी, पूर्वी इथे जहाजं कलती करून तळ खरवडायचे, आता होड्या आणि कॅफे. एका बाजूला पार्लमेंटच्या दगडी इमारती आणि घड्याळाचा मनोरा, तिथल्या चौकात नेल्सनचा पुतळा होता १८१३ पासून, तो २०२० च्या नोव्हेंबरमध्ये काढला आणि पुढच्याच वर्षी ३० नोव्हेंबरला देशाने इंग्लंडच्या राणीला राम राम ठोकला, रिपब्लिक झाले. शॉपिंग करायची तर ब्रॉड स्ट्रीटवर मोठी दुकानं आहेत पण ती बोटीवाल्यांसाठीची, घड्याळं-दागिने. त्याच्या मागची स्वान स्ट्रीट बघा, फक्त चालणाऱ्यांची, कापडं, चपला, फळवाल्या, मोठ्याने रेडिओ. तिथे एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर गुजराती ऐकू आलं तर दचकू नका, इथले बरेचसे भारतीय सुरतेकडून आलेले व्यापारी.

साडेअकरापर्यंत हे आटपतं. मग बे स्ट्रीटने कार्लाइल बे, चालत पंधरा मिनिटं किंवा टॅक्सी. ब्राउन्स बीच म्हणतात, पांढरी वाळू, कंबरेएवढ्या पाण्यातसुद्धा पायाची नखं दिसतात इतकं स्वच्छ, आणि लाटा जवळजवळ नाहीतच. पश्चिमेची बाजू कॅरिबियन समुद्राची, शांत असते. खुर्ची आणि छत्री भाड्याने मिळते, भाव आधी विचारा. बीच सगळे सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोर बसलात तरी कोणी उठवू शकत नाही. अडीच-तीनपर्यंत बसा, मग बंदर टॅक्सीने जवळच आहे. बास. हाच दिवस.

फक्त एक झाड ओळखून ठेवा, मँचिनील. किनाऱ्यालाच असतं, सावली छान, खाली छोटी हिरवी सफरचंदासारखी फळं पडलेली. फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड येतात, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पाण्याबरोबर चीक अंगावर येतो. बऱ्याच झाडांच्या खोडाला लाल पट्टा मारलेला असतो नाहीतर पाटी असते. पट्टा दिसला की दुसरी सावली शोधायची.

प्रश्न : मी सांगलीची, पक्की शाकाहारी, अंडंही नाही. सकाळी बोटीवर खाऊन उतरणार पण दुपारी बेटावर काय खायचं? नुसता ज्यूस पिऊन राहायचं का?

उत्तर : नाही हो, तेवढी वाईट परिस्थिती नाहीये, जरा चौकशी करून खावं लागतं एवढंच. यांचा राष्ट्रीय पदार्थ कू-कू आणि फ्लाइंग फिश. मासा सोडा, पण कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घालून घोटघोटून केलेला प्रकार, आपल्या उकडीच्या जवळचा, भेंडीमुळे बुळबुळीत. तो बऱ्याचदा नुसता मागितला तर देतात, वर माशाचा रस्सा घालू नका असं आधी सांगायचं, पण कसल्या स्टॉकमध्ये केलाय का तेही विचारा. मॅकरोनी पाय (‘पाय’ म्हणजे इंग्रजी pie) सगळीकडे मिळतो, चीज घातलेला, मात्र काही जण त्यात अंडं घालतात म्हणून तुमच्यासाठी धोक्याचा. भात-वाटाणे दिसायला शाकाहारी वाटतो आणि आत खारवलेल्या मांसाचा तुकडा निघू शकतो, तोही विचारून.

सगळ्यात बिनधास्त म्हणजे रोटी. हो, रोटीच म्हणतात. बटाटा-चण्याची करी मऊ पातळ रोटीत गुंडाळून देतात, हिंदुस्थानातून मजूर त्रिनिदादला गेले त्यांच्याबरोबर गेलेली, तिथून सगळ्या बेटांवर पसरली. त्यात जिऱ्याचा वास येतो, हळदीचा रंग असतो, आणि घराबाहेर आठवडा काढलेल्या माणसाला ती चव काय वाटते ते खाल्ल्यावरच कळतं. फक्त त्यांचा पेपर सॉस, पिवळा असतो, मोहरी घातलेला, तो दिसायला साधा पण सांगलीच्या माणसालाही घाम फोडेल. बाजूला वाटीत मागा.

फळांचं काही विचारू नका, सीझन असेल तर आंबे, पपई, आणि ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला नीरफणस, भाजलेला किंवा चिप्स केलेला. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बेट बहुतेक प्रवाळाच्या चुनखडीचं, पाणी त्यातून गाळून खाली साठतं. बाटली भरून घ्या, विकत कशाला.

प्रश्न : कासवांबरोबर पोहायची टूर घ्यावी असं मुलं म्हणतायत, पण मला पोहता येत नाही. नागपूरचा माणूस, समुद्र पाहिला तोच मुळी उशिरा. जाऊ का?

उत्तर : जा, पण मुलांच्या भरवशावर नको, लाइफ जॅकेट घालून. कॅटामरान नाहीतर छोट्या बोटीतून कार्लाइल बेमध्ये नेतात, तिथे मुद्दाम बुडवलेली आणि बुडालेली जुनी जहाजं उथळ पाण्यात आहेत, मास्क लावून वरून तरंगता तरंगता दिसतात. कासवं हिरवी आणि हॉक्सबिल दोन्ही. जॅकेट घातल्यावर बुडायचा प्रश्न नाही, पण पाय खाली टेकत नाहीत हे लक्षात आलं की माणूस हातपाय मारायला लागतो आणि तिथेच दम लागतो, म्हणून आधी बोटीच्या शिडीला धरून तोंड पाण्यात घालून श्वास घ्यायचा सराव करा. जमलं तर सोडा शिडी. नाही जमलं तरी वरूनसुद्धा कासवं दिसतात, पाणी इतकं नितळ आहे.

कासवाला हात लावायचा नाही. काही बोटीवाले मासे टाकून त्यांना जवळ आणतात, फोटो चांगले येतात पण मला ते अजिबात पटत नाही, माणसाच्या हातातून खायला शिकलेलं कासव होडीच्या पंख्याजवळही बिनधास्त येतं. बुकिंग करताना खायला घालता का विचारा आणि घालत असतील तर दुसरा बघा. आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, बाथशीबाला वगैरे, चुकूनही पाण्यात उतरू नका, तो अटलांटिक, सर्फिंगवाल्यांचा. फोटो काढायला झकास.

प्रश्न : स्वतंत्र फिरताना उशीर झाला तर बोट खरंच सोडून जाते का? आणि बार्बाडोसचा व्हिसा लागतो का? (पुण्याहून)

उत्तर : खरंच जाते. बोटीच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर थांबतात, तुमच्यासाठी नाही. डेकवरचे लोक धावत येणाऱ्यांचे व्हिडिओ काढत टाळ्या वाजवतात आणि शिडी वर घेतली जाते. पुढच्या बेटावर स्वतःच्या पैशाने विमानाने जायचं आणि त्या बेटाचा व्हिसा असला तर! म्हणून दोन गोष्टी करा. बोटीवर रोज जे माहितीचं पत्रक येतं त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. दुसरं म्हणजे घड्याळ. न्यूयॉर्कमध्ये हिवाळी वेळ असते तेव्हा बार्बाडोस एक तास पुढे असतं, उन्हाळ्यात दोन्ही सारखे. बोट कधी कधी आपलीच वेळ धरून चालते आणि फोन बेटाचं नेटवर्क पकडून आपोआप बदलतो. हातात साधं घड्याळ बांधा आणि ते बोटीच्या वेळेला लावून ठेवा. बोटीवर असताना फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर सॅटेलाइट नेटवर्कचं बिल बघून चक्कर येईल.

व्हिसा : भारतीय पासपोर्टवर बार्बाडोस फिरायला व्हिसा लागत नाही. पण वरच्या डोंबिवलीच्या ताईंसारखी तुमची बोट सॅन हुआनहून असेल, तर ते पोर्टो रिको, अमेरिकेचाच भाग, तिथून निघून तिथेच परत येणार म्हणजे अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा हवाच. आणि वाटेत मार्टिनिकसारखं फ्रेंच बेट असेल तर त्याचे नियम वेगळे. बोट कंपनीकडून प्रत्येक बेटासाठी लेखी उत्तर घ्या, एजंटच्या ‘काही नाही लागत हो’ वर जाऊ नका.

प्रश्न : नातवाने मिलिटरी प्रिंटची हाफ पॅन्ट घेतलीय खास क्रूझसाठी. चालेल ना?

उत्तर : बोटीवर चालेल, बार्बाडोसला नाही. तिथे सैन्याशिवाय कोणीही कॅमोफ्लाज कापड घालणं कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनाही, टोपी आणि बॅगसुद्धा. केबिनमध्येच ठेवा. पोहायच्या कपड्यांत गावात हिंडणंही तिथे असभ्य मानतात, वर काहीतरी घालून जा.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातला, साखर कारखान्यात नोकरी करून रिटायर झालो. बार्बाडोस म्हणजे ऊस असं शाळेत वाचलं होतं. अजून आहे का? रमचा कारखाना बघण्यासारखा आहे का?

उत्तर : दादा, या पत्राची वाटच बघत होतो. ऊस आहे पण पूर्वीचा राहिला नाही. एके काळी शेकड्यांनी पवनचक्क्यांवर चरक फिरायचे, आता चालू कारखाना एकच उरलाय, पोर्टव्हेल. तुमच्या एका तालुक्यात त्याहून जास्त सापडतील. उत्तरेला मॉर्गन लुइस नावाची जुनी पवनचक्की जपून ठेवलीय, पण एका दिवसात तिकडे जाऊन येणं म्हणजे बाकी सगळं सोडणं.

माउंट गेची रम मात्र बंदराच्या जवळच, स्प्रिंग गार्डन हायवेवर त्यांचं व्हिजिटर सेंटर आहे. त्यांचं सगळ्यात जुनं कागदपत्र १७०३ चं. मळीपासून रम कशी होते ते तुम्हाला नव्याने सांगायला नको, तिथला गाइड सांगायला लागला की तुम्हीच त्याला चार गोष्टी सांगाल. आधी बुक करा, बोटी लागल्या की जागा भरतात.

आणि ही साखर कशावर उभी राहिली तेही बघून या. १६४० नंतर इंग्रजांनी इथे ऊस लावला आणि आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली, १८३४ ला कायद्याने गुलामी संपली तरी प्रत्यक्षात सुटका १८३८ ला. त्यानंतर त्रिनिदाद आणि गयानामध्ये मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. बार्बाडोसला ते नेले नाहीत, कारण इथे एक वीतभर जमीन मोकळी नव्हती, सुटलेल्या लोकांना स्वतःची शेती करायला जागाच उरली नाही, त्यामुळे त्यांना त्याच मळ्यावर राबावं लागलं आणि मालकांना बाहेरून मजूर आणायची गरजच पडली नाही. म्हणून शेजारच्या त्रिनिदादमध्ये दिवाळीला सुट्टी असते आणि इथे मंदिर शोधावं लागतं.

गळीत हंगाम संपल्याचा सण अजून आहे, क्रॉप ओव्हर. शेवट ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी होतो, कडूमेंट डे म्हणतात, पिसं लावून रस्त्यावर नाच. ऊस कमी झाला, सण वाढला. तुमची बोट त्या दिवशी लागत असेल तर कारखाना-बिरखाना विसरा आणि रस्त्यावर उभे राहा.

प्रश्न : जायचं कधी? जूनमध्ये तिकिटं स्वस्त दिसतायत.

उत्तर : स्वस्त आहेत कारण जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन. बार्बाडोस बाकी बेटांपेक्षा पूर्वेला सुटून असल्याने बरीचशी वादळं उत्तरेकडून निघून जातात, पण बेरिलने २०२४ मध्ये दाखवलंच की जून संपतानाही काय होऊ शकतं. तेव्हा मासेमारीच्या होड्यांची दाणादाण उडाली होती. वादळ आलं तर बोट मार्ग बदलते, बार्बाडोसऐवजी भलत्याच बेटावर नेऊन उतरवते आणि त्याची भरपाई फारशी मिळत नाही. शिवाय साधारण मार्चपासून ऑगस्टपर्यंत सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्याला लागतं, कुजलं की वास सुटतो, पण ते जास्त पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला, कार्लाइल बे बहुतेक वाचतो. डिसेंबर ते एप्रिल सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात महाग. पैसे वाचवायचेच असतील तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातलं बघा, पाऊस लागलेला नसतो आणि गर्दीही उतरलेली असते. ट्रॅव्हल इन्शुरन्स मात्र कधीही गेलात तरी काढा, पॉलिसीत ‘बंदर चुकणे’ हा मुद्दा आहे का तेवढं वाचून.